केंद्रीय मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज: खातं कसं ओळखायचं, कागदपत्रं कोणती, अपील कुठे

ठाणे-वाशी लोकलबद्दल विचारायचं असेल तर रेल्वे मंत्रालय. वागळे इस्टेटमधल्या कामगाराचा पीएफ अडकला असेल तर श्रम व रोजगार मंत्रालयाखालची भविष्यनिर्वाह निधी संघटना. जेएनपीएचा, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, विषय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाचा. पण सिडको या राज्याच्या महामंडळाकडून संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाचं प्रकरण दिल्लीला पाठवून उपयोग नाही, ते राज्याचं काम आहे. माहितीचा अर्ज लिहिणं सोपं असतं. बहुतेक अर्जांचा वेळ जातो तो चुकीच्या खात्याकडे गेल्यामुळे. म्हणून आधी केंद्रातली खातेवाटणी समजून घेऊ.

पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि बाकीच्या मंत्र्यांची पंतप्रधानांच्या सल्ल्याने, असं राज्यघटनेचं कलम ७५ सांगतं. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा घातली: पंतप्रधानांसह लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के. सध्याच्या ५४३ जागांच्या हिशेबाने ही मर्यादा ८१ वर येते. ९ जून २०२४ च्या शपथविधीत पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. त्यात ३० कॅबिनेट मंत्री, ५ स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री होते. कॅबिनेटच्या बैठकीत बसतात ते कॅबिनेट मंत्री. स्वतंत्र कार्यभारवाल्यांच्या खात्यावर दुसरा कॅबिनेट मंत्री नसतो, तर बाकीचे राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम पाहतात.

अर्जदाराच्या दृष्टीने मात्र मंत्री महत्त्वाचा नाही, मंत्रालय महत्त्वाचं. अश्विनी वैष्णव यांच्याकडे या शपथविधीनंतर रेल्वे, माहिती व प्रसारण आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान अशी तीन मंत्रालयं आली. तिन्हींचे माहिती अधिकारी, म्हणजे अर्ज घेऊन उत्तर देणारे अधिकारी, वेगवेगळे आहेत. एकाच मंत्रालयातही अनेक विभाग असतात. पोस्टातल्या खात्यावर व्याज जमा झालं नाही, तर अर्ज दळणवळण मंत्रालयाच्या टपाल विभागाकडे. पण अल्पबचत योजनेचा व्याजदर कशाच्या आधारे ठरवला हे हवं असेल, तर तो वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे, कारण दर तिथे ठरतात. नवी मुंबई विमानतळाचंही तसंच: केंद्राने दिलेल्या परवानग्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे, भूसंपादन आणि पुनर्वसन सिडकोकडे.

कोणता विषय कोणत्या विभागाचा, हे १९६१ च्या भारत सरकार कार्यवाटप नियमांत लिहिलेलं आहे. घटनेच्या कलम ७७ खाली केलेले हे नियम मंत्रिमंडळ सचिवालयाच्या संकेतस्थळावर आहेत. अर्ज लिहिण्याआधी त्यातली विभागवार यादी चाळा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. अर्जावर मंत्र्याचं नाव घालू नका. 'जन माहिती अधिकारी' आणि पुढे विभागाचं नाव, एवढं पुरतं. मग खातेबदल झाला तरी तुमच्या अर्जाची मुदत चालूच राहते.

पात्रता आणि कागदपत्रं

भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. गृहनिर्माण सोसायटी, मंडळ किंवा कंपनी यांच्या नावाने अर्ज करू नका. सचिवांनी किंवा अध्यक्षांनी तो स्वतःच्या नावाने करावा. माहिती कशाला हवी याचं कारण सांगावं लागत नाही आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे वैयक्तिक माहिती देण्याचंही बंधन नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ असतं, त्यासाठी दाखल्याची प्रत जोडायची. बाकीच्यांना १० रुपये. ते ऑनलाइन, रोख भरून पावती घेऊन किंवा त्या विभागाच्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर काढून भरता येतात. प्रतींसाठी साध्या पानाला २ रुपये पडतात. कागदपत्रं प्रत्यक्ष तपासायची असतील तर पहिला तास मोफत, पुढे प्रत्येक तासाला ५ रुपये.

केंद्राच्या नियमांत अर्ज साधारण ५०० शब्दांत बसवावा अशी अपेक्षा आहे. राज्याकडे अर्ज करताना नियम बदलतात: विषय एकच, शब्द १५०, आणि शुल्कही १० रुपयेच, पण तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दोन्ही सरकारांची ऑनलाइन पोर्टलं वेगळी आहेत, इथे अनेकांची गल्लत होते.

मराठीत अर्ज चालतो का, हे नेहमी विचारलं जातं. चालतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, आणि ठाण्यातून अर्ज करणाऱ्यासाठी ती राजभाषा मराठी आहे. मराठी अर्ज कागदावर लिहून टपालाने पाठवणं बरं. नेमून दिलेल्या पोस्ट कार्यालयांतही केंद्राचे अर्ज स्वीकारतात, तेव्हा उत्तराच्या मुदतीत ५ दिवस वाढतात.

मुदत आणि नकार

उत्तरासाठी ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. खातं चुकलंच, तर कलम ६(३) प्रमाणे अधिकाऱ्याने अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पोचपावती मात्र जपून ठेवा.

मंत्रिमंडळाबद्दलचीच माहिती हवी असेल तर कलम ८(१)(झ) नीट वाचा. मंत्री, सचिव यांच्या विचारविनिमयाची नोंद असलेली मंत्रिमंडळाची कागदपत्रं देण्यापासून सूट आहे. पण ही सूट कायमची नाही. निर्णय झाला आणि विषय पूर्ण झाला, की तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती सामग्री जाहीर करायची असते. दुसरी कोणती सूट लागू असेल तेवढाच अपवाद. म्हणून 'बैठकीत कोण काय म्हणालं' असं न विचारता 'अमुक तारखेच्या निर्णयाची कारणं आणि त्यासाठी विचारात घेतलेली कागदपत्रं' असं मागा. नागरिकाच्या हातातलं हे मोठं साधन आहे आणि ते फार कमी लोक वापरतात याचं वाईट वाटतं.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. त्याचा निकाल ३०, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. त्यानंतर ९० दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. केंद्राच्या दोन्ही अपिलांना शुल्क नाही. दुसऱ्या अपिलासोबत मूळ अर्ज, मिळालेलं उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या स्वसाक्षांकित प्रती व कागदपत्रांची अनुक्रमणिका जोडा. अनुक्रमणिका राहिली तर अपील दुरुस्तीसाठी परत येऊ शकतं.