राजापूरची गंगा आणि आजीचा वासुदेव प्याला

"गंगा आली!" ही बातमी राजापुरात अजूनही फोनाफोनी होऊन पसरते आणि मुंबईचे चाकरमानी खरंच सुट्टी टाकून एसटी पकडतात. उन्हाळे गावाच्या माळावर चौदा कुंडं आहेत, एरवी ठणठणीत कोरडी. साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक त्यांत पाणी येतं, दोन-तीन महिने राहतं आणि आलं तसं गुपचूप निघून जातं. मजा म्हणजे ती कित्येकदा ऐन उन्हाळ्यात येते, जेव्हा आसपासच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो.

गोष्ट अशी सांगतात की गंगाजी साळुंखे नावाचा एक शेतकरी दरवर्षी नेमाने तीर्थयात्रेला जायचा, म्हातारपणी पाय चालेनात, शेतात बसून रडला, तेव्हा गंगामाईच त्याच्या शेतात वडाच्या मुळाशी प्रकटली. त्या जागेला आजही मूळ गंगा म्हणतात.

आता विज्ञान काय म्हणतं? तर सायफन. माझ्या आजीकडे पितळेचा वासुदेव प्याला होता, म्हणजे आत बाळकृष्णाला घेतलेल्या वसुदेवाची मूर्ती असलेला प्याला, तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. पाणी ओतत राहायचं, काही होत नाही, ओतत राहायचं, काही होत नाही, आणि बाळकृष्णाच्या पायाला पाणी लागलं रे लागलं की सगळा प्याला खालून भडाभडा रिकामा! आम्ही पोरं दिवसभर तेच करायचो. आत एक वाकडी नळी लपवलेली असते. पाणी नळीच्या वाकणाच्या वर गेलं की पलीकडे उतरतं, आणि बाहेरचं तोंड खाली असल्यामुळे मागचं पाणीही ओढून नेतं, ते थेट आतल्या तोंडाशी हवा शिरेपर्यंत. म्हणजे अर्धवट भरला असता बंद आणि एकदा सुटला की जवळजवळ सगळा रिकामा, मधलं काही नाहीच.

राजापूरच्या जमिनीखाली असाच एखादा भलामोठा प्याला असावा असा अंदाज आहे. कोकणातला जांभा दगड म्हणजे स्पंजच, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खालच्या पोकळीत हळूहळू साठत राहतं, आणि पातळी वाकणाला पोचली की गंगा येते, मग बाहेर वैशाख का असेना! अट एकच, आत येणारं पाणी बाहेर जाणाऱ्यापेक्षा कमी हवं, नाहीतर ती कधी थांबलीच नसती आणि साधा बारमाही झरा झाला असता.

हल्ली गंगेचं वेळापत्रक बिघडलंय, मध्येच येते, जास्त दिवस राहते, अशी कुजबुज असते. पण तीन वर्षं हा काही तिचा करार नव्हता हो, सरासरी होती. पाऊस कमीजास्त झाला, एखादी भेग बुजली किंवा नवीन पडली की प्याला भरायचा वेळ बदलणारच.

आणि जवळच उन्हाळे गावचा गरम पाण्याचा झरा आहे, तो मात्र बारा महिने वाहतो. ज्वालामुखी वगैरे काही नाही तिथे, दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली. तिथलं पाणीसुद्धा पावसाचंच, फक्त ते भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत वाकडी नळी नाही, म्हणून सुट्टीही नाही. लोक गंगेवर आले की इथेही आंघोळ करून जातात.