जाणकारांच्या अंदाजाला किती वजन द्यावं?

मे-जूनचं वादळ आलं की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात कापणीवर आलेल्या केळीच्या बागा बघता बघता आडव्या होतात. येत्या हंगामात एखाद्या गावातली किती टक्के केळी अशी पडेल? बागायतदार, कृषी सहायक, हवामानाचे अभ्यासक, प्रत्येकाचा आकडा वेगळा येणार. मग ऐकायचं कोणाचं?

सरळ मधला आकडा घेणंही वाईट नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत बैल कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, याचे अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला, खरं वजन १,१९८. पण तिथे प्रत्येकाने आपापला आकडा लिहिला होता. बैठकीत मात्र पहिला बोलणारा बाकीच्यांना आपल्याकडे ओढतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले गणितज्ञ रॉजर कुक यांची पद्धत मला जास्त पटते. तीत आधी जाणकारांचीच परीक्षा घेतली जाते. प्रश्न त्याच विषयातले, उत्तरं फक्त परीक्षकाला ठाऊक. प्रत्येक प्रश्नाला तीन आकडे द्यायचे: खरं उत्तर ज्याच्या खाली असण्याची शक्यता ५ टक्केच आहे असा, खरं उत्तर ज्याच्या खाली किंवा वर असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे असा मधला, आणि ज्याच्या वर जाण्याची शक्यता ५ टक्केच आहे असा. वीस प्रश्नांपैकी साधारण अठरांची खरी उत्तरं दोन टोकांच्या आत पडायला हवीत. नऊच पडली, तर त्या माणसाला स्वतःच्या ज्ञानाचा नको तितका भरवसा आहे. उलट ‘० ते १०० टक्के’ म्हणणारा कधीच चुकत नाही, पण त्याचा उपयोगही शून्य. म्हणून अंदाज किती खरे ठरतात आणि किती नेमके असतात, अशा दोन गुणांचा गुणाकार करून त्या जाणकाराच्या मताला द्यायचं वजन ठरतं. पहिला गुण फारच कमी असेल तर वजन शून्य, मग पद कितीही मोठं असो. त्या वजनांनी सगळ्यांच्या शक्यता एकत्र केल्या की एकच आकडा नव्हे, पल्ला हाती येतो. कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर १९९५ पासून धुमसणाऱ्या ज्वालामुखीचा धोका याच पद्धतीने जोखला गेला.

रावेरसाठी असे प्रश्न कुठून आणायचे? मागच्या वादळांनंतरच्या पंचनाम्यांतून. कोणत्या गावात किती हेक्टर केळी पडली, हे त्यात लिहिलेलं असतं. फक्त ज्यांनी तो पंचनामा केला, त्यांना त्यावरचा प्रश्न विचारायचा नाही.