एक लिपी, एक उच्चार : योवान स्केर्लिच यांच्या प्रस्तावामागचा इतिहास

1914 च्या मे महिन्यात सर्बियन समीक्षक आणि संपादक योवान स्केर्लिच यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे 36 वर्षांचे होते आणि त्यांनी उभा केलेला भाषेचा वाद अद्याप मिटलेला नव्हता. बेलग्रेडमध्ये 1877 साली जन्मलेल्या स्केर्लिच यांनी तरुणपणी समाजवादी विचार आत्मसात केला आणि 1830 ते 1848 या काळातील फ्रेंच राजकीय-सामाजिक कवितेतून दिसणाऱ्या लोकमतावर प्रबंध लिहून 1901 मध्ये लोझान येथे डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर त्यांनी प्राध्यापकी केली. त्यांचे खरे कार्यक्षेत्र मात्र ‘स्र्प्स्की क्न्यिझेव्नी ग्लास्निक’ हे 1901 साली सुरू झालेले नियतकालिक ठरले, ज्याच्या संपादनात ते 1905 पासून होते.

साहित्याने समाजाला उभारी द्यावी, ही त्यांची ठाम अपेक्षा होती. त्यापायी 1911 मध्ये एका निराशावादी कवीवर आणि 1913 मध्ये युद्धाच्या काळात अंतर्मुख गद्य लिहिणाऱ्या एका लेखिकेवर त्यांनी कठोर टीका केली. या दोन्ही निवाड्यांत त्यांच्यावर अन्यायाचा ठपका येतो आणि तो योग्यच आहे. परंतु वाङ्मयाला राष्ट्रबांधणीचे साधन मानणाऱ्या याच दृष्टीतून भाषेचा प्रस्ताव निघाला, हे ध्यानात न घेता त्याचा अर्थ लागत नाही.

1913 मध्ये, बाल्कन युद्धांनंतर दक्षिण स्लाव लोकांच्या ऐक्याची आशा उंचावली असताना, त्यांनी सर्ब व क्रोएट लेखकांपुढे प्रश्न ठेवला की सामाईक साहित्यभाषेसाठी ‘पूर्वेकडील’ बोली घ्यावी की ‘दक्षिणेकडील’. ही दिशादर्शक नावे फसवी आहेत. प्राचीन स्लाव भाषेतील एका स्वराचा उच्चार पुढे कोठे ‘ए’ झाला, तर कोठे ‘इये’. ‘ए’ म्हणजे ‘पूर्वेकडील’ बोली आणि ‘इये’ म्हणजे ‘दक्षिणेकडील’. म्हणून दुधाला बेलग्रेडमध्ये ‘म्लेको’ म्हणतात आणि साराजेवोमध्ये ‘म्लियेको’. यांतील पहिला उच्चार सर्बांचा आणि दुसरा क्रोएटांचा, असे सरसकट सांगितले जाते, ते चूक आहे. माँटेनेग्रो, हर्जेगोविना, बोस्निया आणि खुद्द सर्बियाचा पश्चिम भाग येथील सर्ब ‘इये’च बोलतात, आणि एकोणिसाव्या शतकात सर्बियन भाषेची सुधारणा करणाऱ्या विद्वानानेही हाच उच्चार स्वीकारला होता. सामाईक साहित्यभाषेविषयी सर्ब व क्रोएट विद्वानांनी 1850 मध्ये व्हिएन्ना येथे केलेल्या करारातही ‘दक्षिणेकडील’ बोलीलाच पसंती मिळाली होती. तरीही बेलग्रेड व नोवी साद या केंद्रांतील लेखन ‘ए’ उच्चारातच होत राहिले.

स्केर्लिच यांनी या ‘ए’ उच्चाराची बाजू घेतली आणि त्याच्या बदल्यात सर्बांनी आपली पारंपरिक सिरिलिक लिपी सोडून क्रोएटांची लॅटिन (रोमन) लिपी स्वीकारावी, असे सुचवले. म्हणजे क्रोएटांनी उच्चार सोडायचा आणि सर्बांनी लिपी. त्यांच्यावर बेलग्रेडचे वर्चस्व लादल्याचा आरोप करणारे या सौद्याचा दुसरा भाग बहुधा विसरतात. ज्या लिपीत चर्चचे ग्रंथ आणि राज्याचे कायदे लिहिले गेले, ती स्वेच्छेने सोडण्याची तयारी सर्बियन संपादकाने दाखवावी, हे त्या काळी लहान धाडस नव्हते. मात्र ‘इये’ बोलणाऱ्या सर्बांना आपली बोली या व्यवहारात का गमवावी लागावी, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

पहिल्या महायुद्धाने चर्चा थांबली. 1918 नंतर काही नामवंत क्रोएट लेखकांनी ‘ए’ उच्चारात लिहून पाहिले, पण 1920 च्या दशकातच बहुतेकांनी ते सोडले. सामाईक भाषेविषयीच्या 1954 च्या नोवी साद करारात दोन उच्चार आणि दोन लिपी समान मानल्या गेल्या. 1967 मध्ये क्रोएट भाषेविषयीच्या झाग्रेबमधील जाहीरनाम्याने तोही समेट नाकारला. 1993 मध्ये, युद्ध चालू असतानाच, बोस्नियातील सर्ब प्रशासनाने आपल्याच ‘इये’ बोलणाऱ्या लोकांवर शासकीय व्यवहारात ‘ए’ उच्चार लादला आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे पडला. यात लिपीच्या त्यागाचा उल्लेखही नव्हता. सर्बियाच्या 2006 च्या राज्यघटनेत तर शासकीय वापरासाठी सिरिलिकच नमूद आहे.