स्पर्धात्मक समतोल (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

एका स्पर्धेत उतरणाऱ्या संघांच्या ताकदीत निकाल आधीच ठरलेला वाटावा इतकी तफावत नसणे, याला क्रीडा-अर्थशास्त्रात स्पर्धात्मक समतोल म्हणतात. अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये (आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्या-फेकण्याचा) या समतोलाची भाषा फार झाली, पैशाला मात्र कोणी हात लावला नाही. सर्वांत वरच्या एफबीएस गटात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत. ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाचे वार्षिक उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या वर, तर लुइझियाना-मन्रोचे २ कोटींच्या आसपास. कागदोपत्री दोघेही एकाच विजेतेपदासाठी खेळतात.

व्यावसायिक संघांची लीग असलेल्या एनएफएलने ही तफावत तीन मार्गांनी आवरली. १९३६ पासूनच्या ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळते, राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो आणि १९९४ पासून पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. महाविद्यालयांत ड्राफ्ट नाही. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठ स्वतः निवडतो. आणि लाखभर प्रेक्षकांचे मैदान व दरवर्षी एनएफएलमध्ये जाणारे खेळाडू जिथे दिसतात, तिकडे त्याचा ओढा असतो. पुढच्या वर्षी त्याच्यासारखे आणखी येतात.

नियामक संस्था एनसीएएने बंधने घातली ती बहुतांशी खेळाडूवर. शिष्यवृत्तीपलीकडे त्याला काही द्यायचे नाही, हा मूळ नियम. त्याच्या जोडीला शिष्यवृत्त्यांची संख्या ठरली : १९७३ मध्ये प्रत्येक संघाला १०५, १९७८ मध्ये ९५ आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८५. समतोलासाठी केलेल्या उपायांत सर्वांत परिणामकारक बहुधा हाच ठरला. त्याआधी श्रीमंत संघ चांगली मुले केवळ प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणूनही राखीव फळीत बसवून ठेवीत. मर्यादेमुळे शहाऐंशीव्या मुलाला दुसरे दार ठोठावावे लागले.

दूरचित्रवाणीवर कोणता संघ किती वेळा दिसेल, हेही एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती योजना मोडीत काढली. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे निरीक्षण मार्मिक होते : विद्यापीठे फुटबॉलवर किती खर्च करतात यावर या योजनेचा काहीच अंकुश नाही, मग तिने समतोल कसा साधणार? विरोधी मत नोंदवणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडोचे गाजलेले खेळाडू. निकालानंतर कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचे गट, आपापले प्रक्षेपण हक्क विकू लागले आणि दरी रुंदावली. त्याच १९८४ च्या हंगामात ब्रिगम यंग हे विद्यापीठ राष्ट्रीय विजेते ठरले. त्यानंतर छोट्या कॉन्फरन्समधला एकही संघ सर्वमान्य विजेता झालेला नाही. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा तेराच्या तेरा सामने जिंकूनही चार संघांच्या प्लेऑफबाहेर, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीबाहेर, राहिला.

खेळाडूला द्यायची मनाई असलेला पैसा बाकी सगळीकडे वाहिला. क्लेमसनने २०१७ मध्ये उघडलेल्या फुटबॉल संकुलात घसरगुंडी आणि मिनी गोल्फ आहे. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना प्रशिक्षकपदावरून काढले, तेव्हा कराराप्रमाणे त्यांना ७.५ कोटी डॉलरहून अधिक देणे निघाले. म्हणजे काम न करण्याबद्दल.

गरीब संघांच्या उत्पन्नाचा एक भाग मार खाण्यातून येतो. हंगामाच्या सुरुवातीला मोठे विद्यापीठ ठरावीक रक्कम देऊन छोट्याला आपल्या मैदानावर बोलावते. दोघांनाही निकाल ठाऊक असतो असे गृहीत असते. २००७ मध्ये खालच्या गटातील ॲपलाचियन स्टेटने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानात ३४–३२ असे हरवले. २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने १४ लाख डॉलर घेऊन नोत्र दामला १६–१४ ने नमवले. असे निकाल समतोलाचा पुरावा म्हणून सांगितले जातात, पण एका दुपारच्या पराक्रमाने हंगाम बदलत नाही : तेच नोत्र दाम त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोचले.

२०२१ नंतर जुनी चौकट मोडली. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे व प्रतिमेचे पैसे घेता येऊ लागले. त्याच वर्षी विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष बाहेर बसण्याची अटही पहिल्या बदलीपुरती उठली. खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंशी थेट उत्पन्न वाटून घेण्याची मुभा दिली. २०२५–२६ साठी त्याची कमाल मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली. तडजोड स्वीकारणाऱ्यांसाठी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली. वरकरणी ही एनएफएलसारखीच कमाल मर्यादा. फरक इतकाच की तिथे आधी पैसा वाटला जातो. लुइझियाना-मन्रोचा सगळा क्रीडा विभाग जेवढ्यात चालतो, तेवढी ही रक्कम आहे.

देणगीदार असतील तर मात्र रांग ओलांडता येते. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल ज्या सदर्न मेथडिस्टचा १९८७ चा हंगामच एनसीएएने रद्द केला होता, ते विद्यापीठ २०२४ मध्ये नऊ वर्षांच्या प्रक्षेपण उत्पन्नावर पाणी सोडून एसीसी या बड्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. तूट धनिक माजी विद्यार्थ्यांनी भरली आणि संघ पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये पोचला. उलट पॅक-१२ कॉन्फरन्समधील दहा विद्यापीठे अधिक पैशाच्या कॉन्फरन्सकडे गेल्याने ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे उरली.

खेळाडूंच्या मुक्त संचाराने समतोल वाढला असे म्हणणारे इंडियानाचा दाखला देतात. पराभवांच्या यादीत कायम वर असलेल्या या विद्यापीठाने प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आणले; त्यांच्यामागून तिथले अनेक खेळाडूही आले. २०२५ च्या हंगामात संघ अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. पराक्रम निर्विवाद आहे. पण इंडियाना गरीब नव्हे, ते बिग टेनचे सदस्य आहे आणि त्या कॉन्फरन्सच्या प्रक्षेपण कराराची किंमत सात वर्षांना ७०० कोटी डॉलरहून अधिक आहे. दरवाजा उघडला तो श्रीमंत वाड्यातल्या मागच्या खोलीचा.

प्लेऑफ २०२४ पासून बारा संघांचा झाला आणि छोट्या कॉन्फरन्सच्या किमान एका विजेत्याला जागा मिळू लागली. २०२५ च्या हंगामात ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन असे दोघे आले आणि दोघेही पहिल्याच फेरीत हरले. तोवर ट्युलेनचे प्रशिक्षक जॉन समरॉल फ्लोरिडाशी आणि जेम्स मॅडिसनचे बॉब चेस्नी यूसीएलएशी करारबद्ध झालेले होते.