भिंतीवरची केळीची पाने: एका सजावटीची पार्श्वभूमी

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हवाईची राजधानी होनोलुलू २१ च्या पुढे. म्हणजे विषुववृत्त होनोलुलूपेक्षा नाशिकला जवळ. तरीही गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्यावर कुणी नव्या फ्लॅटसाठी ‘ट्रॉपिकल थीम’ मागितली की समोर येते ते हवाईचेच चित्र: मोठाल्या पानांचा वॉलपेपर, वेताचा झोपाळा, तीन भिंती पांढऱ्या आणि चौथी समुद्री हिरवी. फरक समुद्राचा आहे. तिकडची हवा वर्षभर साधारण एकसारखी असते. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि थंडीत दहाच्या खाली उतरतो. कोरड्या उन्हाळ्यात वेत तडकतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

बेटांवरच्या मूळ घरांबद्दल थोडक्यातच सांगायला हवे. सामोआतले पारंपरिक घर म्हणजे गोलाकार रांगेत उभे खांब आणि वर उंच शाकारलेले छप्पर. भिंती नाहीत, पाऊस-वारा आला की नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे पडदे खाली सोडायचे. सजावट म्हणायची तर बसायची चटईच. १८९१ मध्ये एक फ्रेंच चित्रकार ताहितीला गेला. गुलाबी वाळू, पिवळे आकाश, गडद निळी झाडे हे बेटांचे रंग म्हणून जगाला माहीत झाले ते बरेचसे त्याच्या चित्रांतून, पण ते बेटांपेक्षा त्याचेच जास्त होते.

आज दुकानात मिळणारी शैली मात्र अमेरिकेत तयार झाली. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली आणि हॉलीवूडमध्ये बांबू, वेत, चटया लावलेले बार निघू लागले. महायुद्धात हजारो सैनिक पॅसिफिकची बेटे बघून परतले. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात केळीच्या पानांचा एक वॉलपेपर तयार झाला, पुढे तो एका बड्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये लागला, आणि तिथून त्याच्या नकला थांबल्याच नाहीत. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले, जेट विमाने सुरू झाली, आणि बेटाचा देखावा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. आता वॉलपेपरवर केळीपेक्षा भोकाभोकांचे मॉन्स्टेराचे पान अधिक दिसते. ती वेल मेक्सिको ते पनामाच्या जंगलातली. पॅसिफिक बेटांशी तिचा संबंध नाही. खरा बेटकरी म्हणजे मनी प्लांट, ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा. तो आपल्याकडे खिडकीत बाटलीतल्या पाण्यावर वाढतो, आणि थीममध्ये त्याला कुणी विचारत नाही. नर्सरीतला अरेका पामही मादागास्कर बेटावरून आलेला.

दुसरा प्रवाह श्रीलंका आणि बालीचा. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे अंगण, छपरांच्या रुंद वळचणी, चुन्याच्या भिंती घेऊन हॉटेले उभी राहिली. बालीत एक दहामजली हॉटेल झाल्यावर इमारतींना नारळाच्या झाडाएवढी, साधारण १५ मीटरची मर्यादा घातली गेली. या प्रवाहात वॉलपेपरला फारसे काम नाही. गंगापूर धरणाकडच्या फार्महाउसांवर दिसतो तो मुख्यतः हाच, आणि माझ्या मते नाशिकला शोभतोही हाच. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांचे चौक, ओसऱ्या वेगळे काय करत होत्या?

फ्लॅटमध्ये सगळे अडते ते बाल्कनीवर. नव्वदच्या दशकापासून एक निर्णय घरोघरी झाला: बाल्कनीला स्लायडिंग लावून ती हॉलमध्ये घ्यायची. कारणे खोटी नव्हती. धूळ, कबुतरे, चोरीची भीती, पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस, आणि मुख्य म्हणजे हॉलला मिळणारे चार-पाच फूट. विरोध करणारे इमारतीच्या दर्शनी बाजूचे, वाढलेल्या वजनाचे, आगीत बाहेर पडायच्या वाटेचे बोलत, आणि सोसायटीच्या सभेत एकटे पडत. वाऱ्याचे फारसे कुणी बोललेच नाही. हवा खेळती ठेवणारी घरातली जागा आधी बुजवायची, एसी लावायचा आणि मग त्याच भिंतीवर बेटाची पाने चिकटवायची, असा हा क्रम. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांना एकत्रित विकास नियमावली लागू झाली, त्यात नाशिकही आले. तीत बाल्कनी चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येते त्याचे माप) मोजली जाते. नव्या इमारतींत ती न मोजण्याची पूर्वीची सवलत गेली, तरी बंद करायची हौस गेली नाही.

याचा परिणाम रंगाऱ्यांना भोगावा लागतो. बंद केलेल्या बाल्कनीची पातळ पडदी आता हॉलची भिंत झालेली असते. तिच्यात ओल उतरते, ऑगस्टपर्यंत वॉलपेपर फुगतो आणि मागच्या पुट्टीवर बुरशी धरते. म्हणून जाणते रंगारी अशा भिंतीवर कागद लावायला नाही म्हणतात. भिंत सुकू देऊन दिवाळीच्या सुमारास स्टेन्सिलने पाने काढून देतात. चुन्याचा हात अधिक टिकतो, कारण चुना भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो आणि बुरशीला सहसा थारा देत नाही. नीळ घातलेला चुना जिल्ह्यातल्या खेड्यांत आधीपासून होताच, आणि त्याची छटा कॅटलॉगमधल्या समुद्री निळ्यापासून फार लांब नाही. अडचण इतकीच की प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. आधीचे सगळे थर प्लास्टरपर्यंत खरवडावे लागतात, आणि त्याची मजुरी रंगापेक्षा जास्त होऊ शकते.