‘बाजार फुलला’ आणि ‘उपभोग खर्च वाढला’: दोन बातम्या, दोन भाषा

दिवाळीत नागपूरच्या शहर पानावर इतवारीच्या सराफ्याची बातमी हमखास येते. सरकारी पाहणी जाहीर झाली की अर्थविषयक पानावर लोकांच्या खर्चाची बातमी येते. दोन्ही वाचून आपण एकच अर्थ काढतो: लोकांकडे पैसा आलाय. या दोन बातम्या मात्र वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि ते त्यांच्या भाषेतूनच कळतं.

शहर पानावरचे शब्द पाठ झालेले आहेत: झुंबड, बाजार गजबजला, कोट्यवधींची उलाढाल. बोलणारा बहुतेक वेळा व्यापारी असतो आणि आकड्याआधी ‘अंदाजे’ असतं. सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती हे खरंच असतं. पण गर्दीतल्या किती जणांनी खरेदी केली, हे त्यातून कळत नाही. सोन्याचं तर आणखी अवघड. समजा, भाव दीडपट झाला आणि 10 ग्रॅम घेणाऱ्याने 7 ग्रॅमच घेतलं. दुकानाची उलाढाल 5 टक्क्यांनी वाढली, घरात सोनं मात्र कमी आलं. बातमी ‘सोन्याला झळाळी’ अशीच छापून येते.

पाहणीच्या बातमीचा सूर कोरडा असतो: ‘दरडोई मासिक उपभोग खर्च’ (म्हणजे माणशी महिन्याचा सरासरी खर्च), ‘वाढ नोंदवली गेली’. इथे दुकानदाराला नव्हे, घराला विचारलेलं असतं. म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवते, पण मथळा ओलांडून आत गेल्यावरच. 2022-23 च्या पाहणीत शहरी भागाचा आकडा 6,459 रुपये होता. 2011-12 मध्ये तो 2,630 होता. ‘शहरी खर्च जवळपास अडीचपट’ हा मथळा चुकीचा नाही. मात्र 2011-12 च्या किमतींना मोजलं तर तोच आकडा 3,510 होतो, म्हणजे अकरा वर्षांत साधारण 33 टक्के वाढ. बाकीची वाढ महागाईची. हा दुसरा आकडा सरकारनेच दिलेला आहे. तो मथळ्यात येतो की शेवटच्या परिच्छेदात, यावर बातमीचा सूर ठरतो.

असंच खाण्यापिण्याचं. शहरांत एकूण खर्चातला अन्नाचा वाटा 42.62 वरून 39.17 टक्क्यांवर आला. त्याचं ‘लोक खाण्यावर कमी खर्च करू लागले’ असं झालं की बातमी सरळ चुकते. वाटा घटला, रुपये वाढलेत: माणशी महिन्याला सुमारे 1,120 वरून 2,530.

मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. ‘सगळे घेताहेत, आपलंच भागत नाही’ ही खंत अशा मथळ्यांवरच पोसली जाते, आणि ती बोचते महिन्याचा किराणा मोजूनमापून भरणाऱ्या घरांना.

शहर पान टाकाऊ आहे, असं मात्र नाही. देशाच्या सरासरीत नागपुरातल्या महाल किंवा गांधीबागसारख्या वस्त्या दिसत नाहीत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, लाकडी बैल कितीला गेले, कुठल्या आकाराचे पडून राहिले, हे स्थानिक बातमीदारच सांगू शकतो. सराफ्यात गेल्यावर त्याने ‘किती रुपयांचं?’ यासोबत ‘किती ग्रॅम?’ हेही विचारावं, एवढीच अपेक्षा.