खोल म्हणजे तळ नव्हे: उन्हाळ्यातला सॅमन आणि लेक ट्राउट

“जुलैत सॅमन खाली जातो, गळ तळाला सोडा.” अमेरिकेतल्या मेन आणि न्यू हॅम्पशर राज्यांतल्या तळ्यांवर जाणाऱ्या आपल्या मंडळींत हा सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो. लोक तो मानतात, दिवसभर तळ खरवडतात, एखाद-दुसरा लेक ट्राउट घेऊन परततात आणि मेनमधल्या सबेगो तळ्यात आता सॅमन उरलाच नाही असं ठरवून टाकतात. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा लेक ट्राउटचा आहे, तो सॅमनला लावला की घोळ होतो.

वसंतातली सॅमनची मासेमारी तुम्हाला येते असं धरतो. बर्फ वितळला की स्मेल्ट ही बारीक मासळी ओढ्यांच्या तोंडाशी येते, तिच्यामागे सॅमन आणि लेक ट्राउट दोघंही वरच्या पाण्यात असतात, त्यामुळे फरक करावा लागत नाही. हातात आल्यावर ओळखणंही सोपं आहे. सॅमनच्या चंदेरी अंगावर काळे ठिपके. लेक ट्राउटच्या, म्हणजे मेनमधल्या टोगच्या, काळपट अंगावर फिकट ठिपके आणि शेपटीला खोल खाच. तरीही टोगचे फोटो सॅमन म्हणून मिरवले जातात. कृपा करून ते थांबवा.

खरी अडचण सुरू होते ती तळ्यात पाण्याचे थर पडल्यावर. विहिरीत पोहलेल्या माणसाला हे ठाऊक असतं: वर कोमट पाणी, आणि पाय खाली सोडले की एकदम गार. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी 70 अंश फॅरनहाइटच्या वर जातं, तळाचं थंडगार राहतं, आणि या दोन पाण्यांच्या मध्ये एक पातळ पट्टा तयार होतो, जिथे दर काही फुटांना तापमान झपाट्यानं उतरतं. हा थर्मोक्लाइन. बहुतेक मोठ्या तळ्यांत तो साधारण 25 ते 50 फुटांच्या दरम्यान सापडतो.

सॅमनला 50 ते 60 अंशांचं पाणी मानवतं आणि त्याचं मुख्य खाणं असलेली स्मेल्ट याच पट्ट्याच्या आसपास थव्यानं फिरते. म्हणून सॅमन तिथे अधांतरी असतो. सबेगोची सर्वाधिक खोली 316 फूट आहे; 40 फुटांवरच्या सॅमनच्या पोटाखाली आणखी दोनशे फूट पाणी असू शकतं. त्या तळाशीही प्राणवायू भरपूर आहे, पण सॅमनला तिथे उतरायचं कारणच नसतं. टोगला मात्र याहून गार पाणी आवडतं आणि तळालगत मंदपणे चरणं हा त्याचा स्वभाव आहे. तोही कधीकधी स्मेल्टमागे वर येतो, पण त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नका. सोनारच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो; ती कमान तळाला चिकटलेली दिसली तर टोग समजा. मधल्या पाण्यात स्मेल्टच्या ढगाशी दिसली तर सॅमन.

तेव्हा आधी तळ्याची खोली विसरा आणि तापमान मोजा. दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर चालतो; दर पाच फुटांवर थोडा वेळ थांबवून वाचा. आमिष सॅमनच्या थोडं वर ठेवा, कारण तो खालून वर पाहून झडप घालतो. त्याच्या खालून गेलेलं आमिष वाया गेलं. आणि सकाळी एका टोकाला घेतलेलं माप दुपारी दुसऱ्या टोकाला लावू नका. जोराचा वारा कोमट पाणी एका बाजूला लोटतो, तिकडे थर्मोक्लाइन खाली दबतो आणि वारा येतो त्या बाजूला वर चढतो.

वेगाचाही यात हात आहे. आमिष होडीमागून ओढताना टोगसाठी होडी अगदी हळू, ताशी मैल-दीड मैल. सॅमनसाठी दोन ते तीन. टोगच्या चालीवर लेडकोर, म्हणजे आत शिसं असलेला जड दोर, हवा तितका सोडून मग सॅमनसाठी वेग वाढवला, तर आमिष कित्येक फूट वर येतं आणि कोमट पाण्यात फिरत राहतं. लेडकोरचा रंग दर दहा यार्डांना बदलतो आणि एक रंग म्हणजे पाच फूट असा ठोकताळा आहे, पण तो सावकाश चालीचा. मला स्वतःला सॅमनसाठी डाउनरिगरच हवा, म्हणजे जड गोळ्यानं दोर ठरावीक खोलीवर धरून ठेवणारं साधन. खोली नेमकी राहते, आणि मासा लागला की दोर गोळ्यापासून सुटतो, मग त्याची उडी मोकळ्या, हलक्या दोरावर दिसते. जड लेडकोरवर ती मारली जाते. टोग तसाही उडी मारत नाही, नुसतं डोकं झटकतो.

उन्हाळ्यात सॅमन लागतच नाही म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: मेनचा विक्रमी सॅमन, 22 पौंड 8 औंसांचा, सबेगोतच लागला, 1907 साली, 1 ऑगस्टला.

पकडलेला मासा सोडून देण्याच्या बाबतीतही दोघांना एक नियम लावू नका. सबेगोतले लहान टोग जरूर घरी न्या. ते सॅमनच्याच वाट्याची स्मेल्ट खातात आणि मेनचं मत्स्यखातंही तसंच सुचवत आलं आहे. सॅमन सोडणार असाल तर बारीक दोरावर त्याला दमवत बसू नका. गारव्यातून आलेला हा मासा वरच्या कोमट पाण्यात जितका वेळ झगडतो, तितकी त्याची वाचण्याची शक्यता कमी होते. गळ पाण्यातच काढा आणि फोटोसाठी त्याला बाहेर धरून ठेवू नका.